घरी सोडण्याआधी

आत्याला घरी आणलं तेव्हा रात्रीचे सव्वानऊ वाजले होते. रुग्णवाहिका इमारतीपाशी थांबली, मागचं दार उघडलं आणि तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की आत्या दुसऱ्या मजल्यावर राहते आणि इमारतीला लिफ्ट नाही. तिचं वय ७८. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं, अर्धा सांधा बदललेला, ऑपरेशनला जेमतेम पाच दिवस झालेले. शेजारच्या मुलांनी घरातून प्लास्टिकची खुर्ची आणली. चौघांनी मिळून तिला त्या खुर्चीत बसवून अंधाऱ्या जिन्याने वर नेलं. वळणावर खुर्चीचा एक पाय वाकला. आत्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

वर पोहोचलो तर तिचा दिवाण जमिनीपासून फूटभर उंच, आणि तिला तर खाली वाकून बसायला सक्त मनाई. संडास बैठा. रात्रीपुरती कशीबशी सोय केली. सकाळी औषधांच्या पिशवीत इंजेक्शनं सापडली. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून ती रोज पोटावर द्यायची होती. देणार कोण, हे कुणी विचारलं नव्हतं आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं. चौथ्या दिवशी आत्या उभी राहताना भोवळ येऊन पडता पडता वाचली. घरच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या ताटात ओतायला लावल्या, तेव्हा कळलं की ती रक्तदाबाची एकच गोळी दोन नावांनी घेत होती. एक जुनी, फडताळातल्या डब्यातली. दुसरी नवी, दवाखान्याने लिहून दिलेली. औषध तेच, अ‍ॅम्लोडिपिन. कंपन्या वेगळ्या, पाकिटांचे रंग वेगळे.

ऑपरेशन उत्तम झालं होतं. सर्जन निष्णात होते, सिस्टर प्रेमळ होत्या, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तरीही आत्या त्या आठवड्यात दोनदा संकटात आली, कारण दवाखान्याचं काम जिथे संपलं आणि घरचं काम जिथे सुरू झालं, त्या मधल्या जागेकडे कुणी पाहिलंच नव्हतं. त्या दिवसापासून या मधल्या जागेबद्दल मी डॉक्टरांना, परिचारिकांना, समाजसेवा अधीक्षकांना विचारत आलो आहे. त्यातून जे समजलं ते इथे मांडतो.

आपण म्हणतो, ‘डिस्चार्ज मिळाला’. विदर्भात म्हणतात, ‘सुट्टी झाली’. दोन्ही शब्दांत सुटकेचा आनंद आहे आणि तो खराही आहे. पण त्यामुळे एक गैरसमज पक्का होतो: घरी सोडलं म्हणजे माणूस बरा झाला. डॉक्टर घरी सोडण्याचा निर्णय घेतात तेव्हा ते वेगळंच काही बघत असतात. ताप उतरला का, सलाइनमधून चाललेली औषधं आता तोंडाने देता येतील का, रुग्ण खातो-पितो का, लघवी-शौचाला होतं का, नाडी, रक्तदाब आणि श्वास स्थिर आहेत का. या प्रश्नांची उत्तरं होकारार्थी आली की चोवीस तास परिचारिकेच्या नजरेखाली राहण्याची गरज संपते. गरज संपते ती दवाखान्याची, आजारपणाची नव्हे. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला धड चालायला कित्येक आठवडे लागतात. अर्धांगवायू झालेल्याचा हात पहिल्या काही महिन्यांतल्या व्यायामाने सुधारतो. हे सगळे दिवस घरचेच असतात.

शिवाय दवाखान्यातलं वास्तव्य स्वतःच माणसाला दमवतं. येल विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ मध्ये या अवस्थेवर एक लेख लिहिला आणि तिला ‘रुग्णालयोत्तर अवस्था’ अशा अर्थाचं नावच दिलं. रात्री-बेरात्री रक्त घ्यायला उठवतात, शेजारच्या खाटेवर कुणी कण्हत असतं, त्यामुळे झोप मोडलेली असते. तपासण्यांसाठी उपाशी राहावं लागतं. पडून पडून स्नायू झिजतात, औषधांनी डोकं जड होतं. म्हणून घरी आल्यावर पहिले काही आठवडे माणूस मूळ आजाराने नव्हे, तर भलत्याच कारणाने कोसळू शकतो: पडतो, नवा संसर्ग होतो, भ्रमिष्टासारखा वागतो. अमेरिकेत सरकारी विम्यावरच्या वृद्धांचा मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. घरी सोडलेल्यांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा ३० दिवसांच्या आत पुन्हा दाखल झाला होता. शस्त्रक्रियेविना उपचार घेऊन घरी गेलेले जे लोक असे परत आले, त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या बाबतीत मधल्या काळात एकाही डॉक्टरच्या भेटीची नोंद नव्हती. ही आकडेवारी तिकडची आहे, पण अशी एखादी गोष्ट आठवत नाही असं घर आपल्याकडेही विरळाच.

मग तयारी कधी सुरू करायची? माझं ठाम मत आहे की दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. गुडघा बदलण्यासारखं ठरवून केलेलं ऑपरेशन असेल, तर दाखल होण्याच्याही आधी. डॉक्टरांना ‘कधी सोडणार?’ हे आपण सगळेच विचारतो. रोज, दोन्ही राउंडला. त्याला एक प्रश्न जोडायचा: ‘सोडाल तेव्हा यांना स्वतःचं स्वतः काय काय करता येत असेल?’ या प्रश्नाच्या उत्तरात पुढची सगळी आखणी असते. उठून बसता येईल, पण चालता येणार नाही, असं उत्तर आलं तर व्हीलचेअर हवी, कमोडची खुर्ची हवी, रात्री हाकेला ओ देणारं माणूस हवं. डॉक्टर नक्की सांगू शकत नसतील, तर ‘अंदाजे सांगा’ म्हणावं.

त्याच दिवशी घराकडे रुग्णाच्या नजरेने बघावं. आमच्या आत्याच्या घरी जिन्याला ३४ पायऱ्या आहेत, हे आम्ही तिच्या अपघातानंतर पहिल्यांदा मोजलं. पायऱ्या किती, कठडा कुठल्या बाजूला, पलंगाची उंची किती, रात्री संडासाकडे जाताना दिवा लागतो का, मोरीला उंबरा आहे का, पायपुसणं सरकतं का. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर बसताना गुडघा खुब्यापेक्षा खाली राहिला पाहिजे. म्हणजे बुटका सोफा, पाट, मांडी घालून बसणं आणि बैठा संडास, सगळं डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद. फिजिओथेरपिस्टला हे सगळं नीट सांगितलं तर तो दवाखान्याच्याच जिन्यावर सराव करून घेतो: चढताना आधी चांगला पाय वर टाकायचा, उतरताना आधी दुखरा पाय खाली टाकायचा. आत्याने हे पाच-सहा पायऱ्यांवर चार वेळा केलं असतं, तरी ती रात्र वेगळी गेली असती. पण आमच्या फिजिओथेरपिस्टला ती दुसऱ्या मजल्यावर राहते हे ठाऊकच नव्हतं. आम्ही सांगितलं नव्हतं.

लागणारं सामान विकत घ्यायची घाई करू नये. वॉकर, व्हीलचेअर, मागून उचलता येणारा लोखंडी पलंग, हवेची गादी हे सगळं भाड्याने मिळतं. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ, सार्वजनिक मंडळं आणि सेवाभावी संस्था रुग्णोपयोगी साहित्य अनामत ठेवून नाममात्र भाड्याने किंवा फुकटही देतात. पण ते आयत्या वेळी मिळेलच असं नाही. दोन-तीन दिवस आधी सांगून ठेवावं लागतं. नर्सिंग ब्यूरोची बाई लावायची असेल तरी तेच. शक्य असेल तर तिला एक दिवस आधी दवाखान्यात बोलावून घ्यावं, म्हणजे रुग्णाला कसं उठवायचं, कसं पुसायचं हे ती सिस्टरकडून बघून घेईल.

ही आखणी कुणी करून देतं का? मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत त्यासाठी एक माणूस असतो आणि फार थोड्या लोकांना त्याची माहिती असते: समाजसेवा अधीक्षक. या कामाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. भारतातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला तो मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, १९४६ साली. घरी बघणारं कुणी नाही, पैसे नाहीत, गाव लांब आहे, कृत्रिम पाय हवाय, अशा अडचणी घेऊन त्यांच्याकडे जावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होत असतील तर रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. या योजनेच्या पॅकेजमध्ये मुळापासूनच रुग्णाला घरी जाण्यासाठी एका वेळचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं, तसंच घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची फेरतपासणी धरलेली आहे. लातूर-परभणीहून मुंबईला आलेल्या कुटुंबाला हे भाडं थोडं नसतं. आरोग्यमित्राकडे ते मागावं. आपल्या हक्काचं आहे.

आता डिस्चार्ज कार्ड. फाइलमध्ये सारून घरी नेण्याचा हा कागद नव्हे. रुग्ण का दाखल झाला, काय निदान झालं, कुठल्या तपासण्या आणि कुठली शस्त्रक्रिया झाली, जाताना प्रकृती कशी आहे, कुठली औषधं किती दिवस घ्यायची, परत कधी यायचं आणि तातडीची मदत कधी घ्यायची, हे सगळं त्यात असायला हवं. एनएबीएच या मानांकन संस्थेच्या मानकांतही हेच अपेक्षित आहे. त्यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि बहुतेक कार्डांवर तीच सर्वांत मोघम असते. ‘त्रास झाल्यास संपर्क साधा.’ कसला त्रास? खुर्चीतून उठायच्या आधी हा प्रश्न विचारून घ्यावा आणि उत्तर मराठीत स्वतःच्या हाताने लिहून घ्यावं.

मराठीत, हे मुद्दाम म्हणतो. कार्ड इंग्रजीत असतं, कारण पुढचा डॉक्टर ते वाचणार असतो. ते ठीक आहे. पण औषध देणारी सून किंवा दहावीतला नातू ते वाचून गोळ्या देणार असतो, त्याचं काय? गोळीपुढे ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, ‘ओडी’ म्हणजे एकदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना आणि ‘एसओएस’ म्हणजे गरज लागली तरच. ‘१-०-१’ असं लिहिलं असेल तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. हे कुणी एकदा समजावून दिलं की आयुष्यभर पुरतं. एक मराठी पान, ठळक अक्षरांत, गोळ्यांची वेळ आणि ती कशासाठी आहे हे सांगणारं, प्रत्येक रुग्णालयाने द्यायला हवं. काही ठिकाणी देतातही. जिथे देत नाहीत तिथे वॉर्डमधल्या सिस्टरसमोर बसून आपण लिहावं आणि त्यांना वाचून दाखवावं.

औषधांच्या गोंधळावर मला सापडलेला सर्वांत साधा उपाय म्हणजे एक कापडी पिशवी. घरात रुग्णाच्या नावाने जे जे काही आहे, रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या, शेजारणीने दिलेली सांधेदुखीची पावडर, ते सगळं पिशवीत भरून डिस्चार्जच्या आधी वॉर्डात न्यायचं आणि निवासी डॉक्टरांना म्हणायचं, ‘यातलं काय चालू ठेवायचं, काय बंद करायचं, आणि तुमचं नवीन काय, ते सांगा.’ जी बंद ती तिथेच बाजूला काढून ठेवायची, परत डब्यात जाता कामा नयेत. पाकिटावर कंपनीने दिलेलं नाव वेगळं असतं आणि औषधाचं मूळ नाव वेगळं. ते मूळ नाव ताडून बघायचं. आत्याच्या दोन पाकिटांवरचं मूळ नाव एकच होतं.

काही औषधं अशी आहेत की ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती बंद केली तर जीव जाऊ शकतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीआधी थांबवल्यास स्टेंटमध्येच गाठ बसून पुन्हा झटका येऊ शकतो. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं. फिट्सच्या गोळ्या आणि बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइडही एकदम बंद करायचं नसतं. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमेरॉल दिलं असेल तर ठरावीक दिवसांनी आयएनआर नावाची रक्ततपासणी चुकवायची नाही. इन्सुलिन नव्याने सुरू झालं असेल तर ते ठेवायचं कुठे इथपासून बोलावं लागतं. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. फ्रीज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माठाजवळच्या थंडाव्यात ठेवता येते. आणि दरदरून घाम, थरथर, एकाएकी गोंधळल्यासारखं वागणं दिसलं, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची. हे घरातल्या एकट्यादुकट्याला नव्हे, सगळ्यांना माहीत हवं.

इथे मी थोडा थांबतो, कारण खरी अडचण माहिती नसण्याची नाही. माहिती सांगितली जाते. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टर दहा मिनिटांत सगळं सांगतात आणि विचारतात, ‘समजलं ना?’ आपण म्हणतो, ‘हो.’ आपल्याला कळलं नाही असं डॉक्टर-सिस्टरसमोर कबूल करायचा संकोच वाटतो. त्यांची घाई दिसत असते, आपल्याला बिलाच्या खिडकीकडे जायचं असतं, रुग्णाला कपडे घालायचे असतात. वैद्यकीय सूचना माणसं किती लक्षात ठेवतात याचा आढावा २००३ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला होता: सांगितलेल्यातलं ४० ते ८० टक्के जागच्या जागी विसरलं जातं, आणि जे आठवतं त्यातलं निम्मं चुकीचं आठवतं. हा रुग्णाच्या बुद्धीचा दोष नाही. घाबरलेलं मन नवं काही टिपून ठेवत नाही.

म्हणून जगभरच्या परिचारिका आता प्रश्न उलटा विचारायला शिकताहेत. ‘समजलं का?’ ऐवजी, ‘काकू, घरी गेल्यावर सूनबाईला ही गोळी कशी द्यायची ते कसं सांगाल? मला सांगून दाखवा बघू.’ काकू सांगायला लागल्या की कुठे चुकतंय ते लगेच कळतं, आणि चूक सांगणाऱ्याच्या पदरात पडते, ऐकणाऱ्याच्या नाही. सिस्टरांनी असं विचारलं नाही तर आपण होऊन म्हणावं, ‘मला काय समजलं ते सांगतो, चुकलं तर थांबवा.’ एवढ्या एका वाक्याने अर्ध्या चुका टळतील असं मला मनापासून वाटतं.

आणि हाताने करायची कामं ऐकून येत नाहीत. पोळी लाटायला कुणी ऐकून शिकलंय का? नाकातल्या नळीने अन्न द्यायचं असेल तर डोकं उंच हवं, तीस ते पंचेचाळीस अंशांच्या कोनात, आणि नंतरही अर्धा तास तसंच. आडवं करून भरवलं तर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. लघवीची पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खाली राहिली पाहिजे. खाटेवर रुग्णाच्या शेजारी ठेवली की लघवी उलटी वर जाते. हलता न येणाऱ्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची आणि रोज माकडहाड, टाचा, खुबे उजेडात तपासायचे. तिथली लाली हे शय्याव्रणाचं पहिलं चिन्ह. अर्धांगवायूच्या रुग्णाला दुबळ्या हाताला किंवा काखेत धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. हे सगळं सुटायच्या आधी सिस्टरच्या देखत किमान दोनदा स्वतः करून बघावं, आणि जो घरी करणार आहे त्याने करावं. आपल्याकडे दवाखान्यात धावपळ मुलगा किंवा जावई करतो आणि घरी सेवा सून किंवा मुलगी करते. शिकवणी होते एकाची, परीक्षा असते दुसरीची. हे बदलायलाच हवं.

भारतात नूरा हेल्थ ही संस्था हेच काम करते: रुग्णालयाच्या आवारातच परिचारिकांकडून नातेवाइकांचे वर्ग घेते. जखम कशी स्वच्छ ठेवायची, बाळाला ऊब कशी द्यायची, कुठली लक्षणं दिसली की परत यायचं हे करून दाखवते. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांतही तिचं काम आहे. मुळातली जाणीव साधी आहे: आपल्याकडे प्रत्येक रुग्णाबरोबर कुणी ना कुणी असतंच. वॉर्डाबाहेर चटई टाकून बसलेली ती माणसं गर्दी नाहीत. उद्याच्या परिचारिका तिथे बसलेल्या आहेत.

घरी गेल्यानंतर कुणी बघायला येतं का, या प्रश्नावर महाराष्ट्राने जगाला शिकवलेला एक धडा आहे, आणि तो आपणच अर्धा विसरलो आहोत. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे ही पद्धत देशाने स्वीकारली. आज दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळाचं वजन, अंगाचा ताप, दूध ओढणं बघते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयातून आई-बाळाला घरी मोफत सोडायची गाडीही आहे. म्हणजे घरी सोडणं ही एक प्रक्रिया आहे, तिला वाहन लागतं, वेळापत्रक लागतं, घरी येणारं माणूस लागतं, हे आपल्याला कळलेलं आहे. मग खुबा मोडलेल्या ७८ वर्षांच्या बाईच्या घरी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी का कुणी जाऊ नये? आपल्या राज्यात वृद्धांची संख्या वाढते आहे, मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशात आहेत. बाळांसाठी जे उभं केलं ते म्हाताऱ्यांसाठी उभं करायची वेळ आली आहे, असं माझं म्हणणं आहे. ते होईपर्यंत निदान एक फोन. काही रुग्णालयं दोन दिवसांनी फोन करून विचारपूस करतात. तो आला तर ‘सगळं ठीक आहे’ म्हणून ठेवून देऊ नका. शंकांची यादी फोनजवळ ठेवा.

धोक्याच्या खुणा आजारागणिक वेगळ्या, म्हणून आपल्या रुग्णाच्या खुणा डॉक्टरांकडूनच घ्याव्यात. नमुना म्हणून काही सांगतो. हृदय कमकुवत असलेल्याने रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावर मांस चढलेलं नसतं, पाणी साठलेलं असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं, धाप लागायची वाट बघू नये. अशा घरात पापड, लोणचं, फरसाण यांच्या बरण्या रुग्णाच्या नजरेआडच बऱ्या. ऑपरेशनच्या जखमेतून पू, वाढती लाली, ताप. एका पोटरीला सूज आणि दुखणं. अचानक दम लागणं, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यांपैकी काही दिसलं तर फोनाफोनी न करता १०८ ला फोन करावा. या खुणांचा कागद फ्रीजवर किंवा देवघराशेजारी, सगळ्यांना दिसेल असा लावावा. कार्डावरचा दूरध्वनी क्रमांक त्या कागदावर असावा आणि तो लागतो का, हे दवाखान्यातून निघायच्या आधी लावून बघावं.

बिलाबद्दल थोडक्यात. आत्याला रात्री सव्वानऊला घरी यावं लागलं, कारण सकाळी अकराला ‘सोडतोय’ म्हटल्यावर विम्याची मंजुरी यायला दिवस गेला. मे २०२४ मध्ये विमा नियामकाने परिपत्रक काढलं आहे: रुग्णालयाची विनंती पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची, आणि उशिरामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. हे माहीत असावं आणि ठामपणे सांगावं. आदल्या संध्याकाळीच कागद पाठवायला सांगितलं तर बरंच काम हलकं होतं. घरी आल्यावरची औषधं, तपासण्या, फिजिओथेरपी यांचा खर्चही बऱ्याच पॉलिसींत ठरावीक दिवसांपर्यंत मिळतो, पावत्या जपाव्यात. बिलावरून वाद आहे म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत स्पष्ट आहे. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं आहे. केसपेपरच्या प्रती मागितल्यास ७२ तासांत मिळायला हव्यात.

आणखी एक दार आहे आणि त्यातून बरीच गरीब माणसं बाहेर पडतात: ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे’ अशी सही करून. पैसे संपले, शेतात पेरणी आहे, घरी लहान मुलं आहेत. अशा वेळी वॉर्डात कधी कधी बोलणी खावी लागतात आणि माणूस मान खाली घालून निघून जातो. त्याने तसं जाऊ नये. सही केली तरी डिस्चार्ज कार्ड मिळण्याचा हक्क राहतो, घरी कुठली औषधं चालू ठेवायची हे विचारण्याचा हक्क राहतो, आणि परत यायचा हक्क तर राहतोच. रागावलेल्या डॉक्टरांनाही माझी विनंती आहे: ज्याला सर्वांत लवकर जावं लागतंय, त्यालाच सर्वांत नीट समजावून सांगायची गरज असते.

आत्या त्यानंतर दोन वर्षांनी न्यूमोनियाने पुन्हा दाखल झाली, दुसऱ्या एका दवाखान्यात. या वेळी तिसऱ्याच दिवशी आम्ही कापडी पिशवी घेऊन गेलो. भाचीने वाफ कशी द्यायची ते सिस्टरसमोर करून दाखवलं. पलंगाखाली विटा लावून उंची वाढवली होती, संडासावर कमोडची खुर्ची आली होती, जिन्यात दिवा लागला होता. फिजिओथेरपिस्टने तिला दवाखान्याच्या जिन्यावर चालवलं. ती दुपारी बाराला घरी आली आणि मधल्या मजल्यावर खुर्चीत थोडा वेळ बसून ३४ पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढली.

तुमचं कुणी आज दाखल असेल, तर संध्याकाळच्या राउंडला कागद-पेन घेऊन खाटेजवळ थांबा. डॉक्टर आले की आपण राहतो तो मजला कितवा, घरी बघणारं कोण आणि संडास कसला, या तीन गोष्टी त्यांनी न विचारताच त्यांना सांगा.